जुनी डिस्क नव्या मशीनवर चालेल का? गेमिंग पार्लर टाकण्याआधी हा हिशोब करा

"भाऊ, गेमिंग पार्लर टाकायचंय. सेकंड हँड पीएस४ घेऊ की एकदम पीएस५?" साकोली, तुमसरकडून हा प्रश्न मला सारखा येतो. मशीनची किंमत सगळे विचारतात. डिस्कचा हिशोब कुणीच विचारत नाही, आणि पैसा तिथंच अडकतो.

धरा, सरासरी दीड हजाराच्या वीस डिस्क घेतल्या. झाले ३० हजार. दोन वर्षांनी मशीन बदललं आणि त्या चालल्याच नाहीत, तर ते भांडवल गेलं की नाही? नव्या मशीनवर जुने गेम चालणं, याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी.

कंपनी ही सोय दरवेळी देईलच असं नाही. २००० साली आलेल्या पीएस२ वर पीएस१ च्या डिस्क चालायच्या. २००६ च्या पहिल्या पीएस३ वर पीएस२ चे गेम चालत. पुढच्या मॉडेलमधून ते काढून टाकलं. २०१३ चा पीएस४ तर पीएस३ ची डिस्क घेतच नाही, कारण आतला प्रोसेसरच वेगळ्या जातीचा. ज्यांच्याकडे पीएस३ च्या डिस्कचा साठा होता, त्यांना नव्या मशीनसोबत सगळा माल नव्यानं भरावा लागला. पीएस५ ची रचना मात्र पीएस४ च्याच वळणाची आहे. त्यामुळे पीएस४ चे जवळपास सगळे गेम त्यावर चालतात.

म्हणून माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या गिऱ्हाइकासाठी सुरुवात पीएस४ नं करा. क्रिकेट २४ सारखा गेम दोन्ही मशीनसाठी निघालाय; त्याची पीएस४ ची डिस्क घ्या, ती पुढे पीएस५ वरही चालेल. उलटं होत नाही बरं का! पीएस५ ची डिस्क पीएस४ वर चालत नाही.

आता जिथं मुलं फसतात ते. पीएस५ डिजिटल एडिशन स्वस्त दिसतं, पण त्यात डिस्क टाकायला जागाच नसते. एक्सबॉक्स सिरीज एस चंही तेच. दुसरं, पीएस४ चा कंट्रोलर पीएस५ वर फक्त पीएस४ च्या गेमला चालतो. पीएस५ चा गेम लावायचा तर नवा कंट्रोलरच लागतो, आणि पार्लरमध्ये एका मशीनला दोन तरी हवेतच. तो खर्च आधीच धरून ठेवा.

सेकंड हँड मशीन बघायला जाताना आपली एक डिस्क सोबत न्या आणि तिथंच अर्धा तास चालवून बघा.