रोहित पक्ष्यांची दोन घरे

मुंबईच्या उपनगरांत कुर्ला हे फार गजबजलेले ठिकाण आहे. आगगाड्यांचा खडखडाट, बाजारातील गलबला आणि रस्त्यांवरील वाहनांची दाटी यांत तेथील माणसाचा दिवस सरतो. अशा या कुर्ल्यापासून काही किलोमीटरांवर दर हिवाळ्यात हजारो गुलाबी पाहुणे उतरतात, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. हे पाहुणे म्हणजे रोहित पक्षी होत. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात.

कुर्ला साष्टी बेटावर वसलेले आहे. या बेटाचा पाया काळ्या कातळाचा आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वर आला, पसरला आणि थिजला. त्यापासून हा कातळ बनला. बेटाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. भरतीबरोबर येणारा आणि ओढ्यानाल्यांनी वाहून आणलेला गाळ या खाडीच्या काठी साचतो. तिवरांची झाडे पाण्याचा वेग मंद करतात, त्यामुळे गाळ तेथेच स्थिरावतो. ओहोटी लागली म्हणजे माहूल, शिवडी आणि ऐरोली येथे चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. आपण नाक मुरडून ज्या चिखलाकडे पाहतो, तोच रोहितांचे ताट आहे!

रोहितांची जेवण्याची रीत मोठी मजेची आहे. हा पक्षी मान खाली वाकवून चोच उलटी धरतो. जिभेने तो चिखलपाणी आत ओढतो आणि बाहेर सोडतो. चोचीच्या कडांना बारीक चाळणी असते. तिच्यात सूक्ष्म शेवाळ आणि चिमुकले जलचर अडकतात. या अन्नातील रंगद्रव्यामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते. येथे या पक्ष्यांच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित सुमारे सव्वा मीटर उंच असतो. धाकटा त्याहून बराच लहान, पण रंगाने अधिक गडद असतो.

हे पक्षी मुंबईस जेवतात, परंतु येथे घरटी करीत नाहीत. पावसाळा जवळ आला, की त्यांचे थवे निघून जातात. ते जातात तरी कोठे? २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी काही रोहितांच्या अंगावर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी लहान यंत्रे बसविली. तेव्हा हे पक्षी येथून गुजरातेत जातात, हे स्पष्ट झाले. त्याच गुजरातेत, कच्छच्या मोठ्या रणात, भारतातील रोहितांची सर्वांत मोठी वसाहत आहे. १९४५ मध्ये प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी ती पाहून तिचे वर्णन लिहिले.

रण म्हणजे खारे वाळवंट. एके काळी तेथे उथळ समुद्र होता. नद्यांच्या गाळाने आणि भूकंपांनी त्याचा तळ हळूहळू वर आला. १८१९ च्या भूकंपात तर रणातील जमिनीचा एक लांबच लांब पट्टा एकाएकी उचलला गेला. लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’, म्हणजे देवाने घातलेला बांध, असे नाव दिले. रणाच्या सपाटीतून पच्छम, खदीर, बेला अशी उंच खडकाळ बेटे डोके वर काढून उभी आहेत. त्यांच्या खडकांत पंधरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांचे अवशेष सापडतात. उन्हाळ्यात येथे मिठाचा पांढरा थर चकाकतो. पावसाळ्यात हीच भूमी उथळ पाण्याखाली जाते.

पाऊस पुरेसा झाला, तर रोहित या पाण्यात चिखलाचे बुटके मनोरे रचतात आणि माथ्यावरील खळग्यात बहुधा एकच अंडे घालतात. भोवतालचे पाणी हाच त्या वसाहतीचा तट होय. ते अवेळी आटले, तर कोल्हेकुत्री घरट्यांपर्यंत सहज पोहोचतात आणि अंडीपिल्ले वाचत नाहीत.

रोहितांना जगण्यासाठी अशी दोन्ही ठिकाणे लागतात. रण उत्तम राहिले, पण खाडी बुजली, तर त्यांची उपासमार होईल. खाडी राहिली आणि रणातील पाणी गेले, तर पिल्लेच वाढणार नाहीत. ठाणे खाडीतील रोहितांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाले. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. तरीही धोका टळलेला नाही. भरतीच्या वेळी चिखल बुडतो. तेव्हा हे पक्षी खाडीपलीकडे नव्या मुंबईच्या तळ्यांवर विसावतात. तेव्हा ती तळीही शाबूत राहिली पाहिजेत. मे २०२४ मध्ये कुर्ल्याशेजारच्या घाटकोपरावरून उडणारा एक थवा विमानावर आदळला आणि तीसहून अधिक पक्षी मरण पावले.

पक्ष्यांना राज्याच्या सीमा ठाऊक नसतात. कच्छच्या रणात वाढलेले पिल्लू उद्या मुंबईच्या खाडीत उतरेल. त्या वेळी त्याच्यासाठी तेथे चिखल असावा, तिवरे असावीत आणि पाणी निर्मळ असावे, एवढे पाहणे हे खाडीकाठच्या माणसांचे काम आहे.