दोन टक्क्यांचं पाणी

कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं 1 एप्रिल 2014 रोजी. त्याच वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिला. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी, यांतला एक जरी आकडा गाठला तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर घालायचे, असं कायदा सांगत होता. टाटा, बजाज यांच्या संस्था पाण्याचं काम आधीपासून करत होत्याच. आता ज्यांनी कधी गावाची वेस ओलांडली नव्हती, अशा कंपन्याही पैसे घेऊन आल्या.

सुरुवातीला त्यांना सुचलं ते टँकर आणि प्लास्टिकच्या टाक्या. त्यात गैर काही नव्हतं. एप्रिल 2016मध्ये मांजरा धरण कोरडं पडून मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अशा वेळी नाला खोलीकरणाच्या गप्पा कोण ऐकणार?

पण त्याच उन्हाळ्यात वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पानी फाउंडेशन या संस्थेची गावागावांतली जलसंधारणाची ‘वॉटर कप’ स्पर्धा झाली आणि कोरेगावातलं वेळू गाव पहिलं आलं. उद्योगांचा पैसा तिथे प्रशिक्षणावर आणि बक्षिसांवर गेला. खोदायचं ते गावाने. पुढे तालुके वाढत पंचाहत्तरच्या घरात गेले, जेसीबी-पोकलेनही आले. शेजारी सरकारची जलसंधारणाची ‘जलयुक्त शिवार’ योजना चालूच होती. त्या योजनेवर 9,633 कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसा उपयोग झाला नाही, असा शेरा सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने 2020मध्ये मारला. त्यावरून वाद झाला. पण ज्या गावात लोकांनी चर स्वतः आखले आणि पिकाचा हिशेबही बसवला, तिथे काम टिकलं, एवढं तरी या दशकाने दाखवलं. ठेकेदाराचं यंत्र आठवड्यात नाला खोल करून जातं. त्या पाण्यावर ऊस लावायचा की ज्वारी, हे काही ते यंत्र ठरवत नाही.

मला यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो गाळाचा. तलावातला गाळ काढून शेतात टाकायची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना 2017मध्ये आली. कंपन्यांना ती फार सोयीची पडली: तलाव ठरलेला, यंत्र ठरलेलं, किती घनमीटर गाळ निघाला तेही मोजता येतं. गाळ फुकट, फक्त तो शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून न्यायचा. इथेच खरी मेख होती. ट्रॅक्टर ज्याचा, त्याच्या वावरात काळी माती पडली. दीड एकरवाला ट्रॉलीचं भाडं ऐकूनच घरी परतला. भूमिहीनाचा तर प्रश्नच नव्हता, कारण माती टाकणार कुठे? 2023च्या सुधारित योजनेत अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना वाहतुकीसाठी अनुदान ठेवलं गेलं. सहा वर्षं लागली, पण चूक कुठे होती ते निदान कागदावर तरी आलं.

कंपन्यांनी गावोगावी बांधलेल्या, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या खोल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नाणं टाकलं की जार भरतो, उद्घाटनाला फीत कापली जाते, भिंतीवर कंपनीचा ठळक फलक लागतो. मेंब्रेन बदलायला आलं की पैसे कोणी द्यायचे, हे करारात नसेल तर ती खोली कुलपात जाते.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचं मात्र मनाला लागतं. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच मुलखातली, आणि मार्च उलटला की इथल्या ठाकूर-कातकरी पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू. मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांच्या मुख्यालयांचे नळ याच पाण्यावर चालतात. अशा पाड्यांवर कंपन्यांनी ढकलत न्यायचे पिंपही वाटले: चाळीस-पन्नास लिटरचा गोल ड्रम, त्याला दांडा. डोक्यावरचे हंडे उतरले, ही गोष्ट लहान नाही. पण विहीर होती तिथेच राहिली, आणि दगडगोट्यांच्या चढावर भरलेला ड्रम ओढायला दोन बाया लागतात. जिथे झऱ्याच्या टाकीवर सौर पंप बसवून पाणी पाड्यात चढवलं आणि बायकांच्या समितीकडे महिन्याची पट्टी गोळा करण्याचं काम दिलं, तिथे फरक खरा पडला.

कायद्याने कंपन्यांवर घातलेला हा समाजकार्याचा खर्च देशभरात पहिल्या वर्षी साधारण 10 हजार कोटी होता, 2022-23मध्ये 30 हजार कोटींच्या आसपास पोचला. सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. तो कारखान्यांच्या आसपास, पुण्या-मुंबईकडे जास्त आणि नंदुरबार-गडचिरोलीकडे कमी झिरपतो, कारण कायद्यानेच ‘स्थानिक परिसराला’ पसंती दिली आहे.

2021मध्ये नियम कडक झाले. न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकणं आलं, मोठ्या कंपन्यांना कामाचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घेणं आलं. पण ही तपासणी एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना. पाड्यावरची विहीर खोल करून पंप बसवायला काही लाख पुरतात, म्हणून तिला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी होतं की नाही, हे जाऊन बघण्याचं कायदेशीर बंधन कुणावरच नाही.