झिंक ऑक्साइडचा बँडगॅप वाढवता येतो!

सनस्क्रीनमधला पांढरा झिंक ऑक्साइड हा एक अफलातून अर्धवाहकही आहे. त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला बंधातून मोकळं करायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे सुमारे ३७० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण तो शोषतो आणि दृश्य प्रकाश आरपार जाऊ देतो.

खरी गंमत पुढे आहे. स्फटिकातल्या काही झिंक अणूंच्या जागी मॅग्नेशियम बसवलं की बँडगॅप वाढतो, कॅडमियम बसवलं की घटतो. मॅग्नेशियमचा आयन आकाराने झिंकच्या आयनाइतकाच, त्यामुळे जाळी फारशी ताणली जात नाही. अडचण वेगळीच आहे: मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिक मिठासारखा घनाकृती, झिंक ऑक्साइडचा षट्कोनी. भट्टीत भाजलं तर जेमतेम ४ टक्के मॅग्नेशियम मुरतं.

१९९८ मध्ये जपानी संशोधकांनी ही मर्यादा ओलांडली. निर्वात कक्षात लेसरचे झटके देऊन त्यांनी या दोन ऑक्साइडांच्या मिश्र गोळीतलं द्रव्य उडवलं आणि नीलमण्याच्या चकतीवर त्याची पातळ फिल्म चढवली. अणूंना वेगळं व्हायला उसंतच मिळाली नाही! मॅग्नेशियम ३३ टक्क्यांपर्यंत गेलं, बँडगॅप जवळजवळ ४ इलेक्ट्रॉन व्होल्टवर पोचला. त्यापुढे मात्र मॅग्नेशियम ऑक्साइड वेगळा पडू लागला.

तुमच्या कॉलेजात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर असेल तर अशा फिल्म्सचे आलेख एकावर एक ठेवून जरूर बघा. मॅग्नेशियम वाढेल तशी शोषणाची कडा आखूड तरंगलांबीकडे सरकताना स्पष्ट दिसते.