लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह गेला? आधी डिस्क वाचवा

विंचूर-लासलगाव पट्ट्यात दहा-पंधरा वर्षांपूर्वी झालेल्या कितीतरी लग्नांचं शूटिंग आजही फक्त डीव्हीडीवर आहे. फोटोग्राफरने दिलेली डबी कपाटात जपून ठेवलेली असते, पण ती डिस्क वाचणारा लॅपटॉपचा ड्राइव्ह घरघर करतो आणि थांबतो. अशा वेळी जुन्या लॅपटॉपात नवा ड्राइव्ह बसवण्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ड्राइव्ह बाजारात मिळेल, आई-वडिलांचा आवाज असलेली डिस्क मिळणार नाही.

खर्चाआधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहा. ट्रे अडकला असेल तर लॅपटॉप बंद करून ट्रेवरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप दाबावी, ट्रे पुढे सरकतो. ट्रे उघडतो पण डिस्क वाचली जात नाही, तेव्हा बऱ्याचदा लेझरच्या भिंगावर धूळ बसलेली असते. कांद्याच्या हंगामात उपबाजाराजवळच्या दुकानांत टरफलांची, मातीची बारीक धूळ कुठे जात नाही! डीव्हीडीवरच्या नोंदींच्या ओळी एकमेकींपासून अवघ्या ०.७४ मायक्रॉनवर असतात, त्यामुळे भिंगावरचा पातळ थरही पुरेसा अडथळा करतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून भिंग अलगद पुसावं. अत्तर, पाणी किंवा तोंडाची फुंकर नको.

सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, असंही होतं. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या. त्यातला डीव्हीडीचा लेझर थकला असेल तर पुसून उपयोग नाही.

आतला ड्राइव्ह बदलायचाच असेल तर तो मोजून घ्या. काही १२.७ मिलिमीटर जाडीचे असतात, काही ९.५ मिलिमीटरचे, फार जुन्या लॅपटॉपात साटाऐवजी आयडीईचं कनेक्शन असतं. हे जुळलं नाही तर नाशिकची फेरी वाया जाते. वापरलेला ड्राइव्ह स्वस्त मिळतो, पण त्याचा लेझर किती चालला आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घेणं शहाणपणाचं. आणि तो प्रत्येक घरात कशाला हवा? गल्लीत, भावकीत मिळून एक घेतला तरी भागतं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात. ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल तर दोन तोंडांची केबल वापरून दोन्ही पोर्ट जोडावेत. शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा ड्राइव्ह चालू असेल तर दोन्ही लॅपटॉप एकाच मोबाइल हॉटस्पॉटवर घेऊन तो शेअर करता येतो. फायली लॅपटॉपवरून लॅपटॉपवर जातात, मोबाइलचा डेटा त्यात खर्च होत नाही. विंडोज टाकायला तर आता डिस्कची गरजच नाही, आठ जीबीचा पेनड्राइव्ह चालतो.

मग मेलेल्या ड्राइव्हच्या जागेचं काय? तिथे कॅडी, म्हणजे ड्राइव्हच्या आकाराची हार्ड डिस्क ठेवायची चौकट, बसते. नवी एसएसडी मूळ हार्ड डिस्कच्या जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत, अशी अदलाबदल केली की जुना लॅपटॉप झपाट्याने सुरू होतो. दुकानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास यासाठी तो आणखी काही वर्षं कामाला येतो. नव्या ड्राइव्हचे पैसे इथे लावलेले मला जास्त पटतात.

पण त्याआधी डिस्कवरचं सगळं कॉपी करून घ्या. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत नोंदी रंगद्रव्यावर असतात आणि ऊन, उष्णता, ओल यांनी ते खराब होतं. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या डिस्क म्हणूनच आधी घ्याव्यात. लग्नाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं, ते तुकडे न करता अख्खं कॉपी करावं. व्हीएलसीवर ते चालतं. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालते का हे पाहा. डिस्कची बाहेरची कड आधी बिघडली असेल तर नेमकी पाठवणी गायब असते. अशी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघावी, कारण एकाने नाकारलेली डिस्क दुसरा कधीकधी वाचतो.