केळीचे पान, उसाचे पान आणि खानदेशचे ऊन

खानदेशातील फैजपूर परिसरातील केळीच्या घडाची गोडी मुळात पानात तयार होते. पानाच्या पेशींमधील हरितलवकांत असलेले हरितद्रव्य प्रामुख्याने तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते, त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो आणि प्रकाशाची ऊर्जा एटीपी व एनएडीपीएच या ऊर्जावाहक रेणूंत रासायनिक रूपाने बांधली जाते.

केल्विन चक्र या पुढील टप्प्यात रूबिस्को हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणारे प्रथिन, हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडते आणि वरील रेणूंच्या ऊर्जेवर त्याची शर्करा बनते. ती घडात पोहोचून पिष्ट म्हणून साठते व फळ पिकताना पुन्हा साखरेत रूपांतरित होते.

उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेला की पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, मिटू लागतात आणि रूबिस्को कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन अधिक पकडू लागल्याने ऊर्जा वाया जाते. या क्रियेला प्रकाशश्वसन म्हणतात. दुपारी केळीचे पान मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी खाली दुमडते व ऊन कमी झेलते.

ऊस, ज्वारी व मका ही पिके मात्र कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधून शिरांभोवतीच्या पेशींत रूबिस्कोजवळ एकवटतात, त्यामुळे हा अपव्यय बराचसा टळतो. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरील प्रयोगांतून हा मार्ग उलगडला.