इंजिन उतरवण्याचं काम

मोटर बसवायला एक संध्याकाळ पुरते; वेळ जातो तो इंजिन उतरवण्यात. रिमोटवर उडणारं इंधनाचं विमान विजेवर घ्यायचं म्हटलं की नवखे आधी मोटरच्या जाहिराती चाळायला बसतात. आमचे काका आधी विमानाच्या नाकाचा वास घेतात. काका म्हणजे भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात काढलेले आणि आता रविवारी सकाळी आमच्याबरोबर माळावर विमानं उडवणारे. "लाकूड किती प्यायलंय ते बघू आधी," म्हणतात.

या खेपेला त्यांच्या टेबलावर एक्स्ट्रा ३०० ची प्रतिकृती होती. मूळ विमान जर्मनीच्या वाल्टर एक्स्ट्रा यांचं, १९८८ साली पहिल्यांदा उडालेलं, कसरतींसाठीच घडवलेलं. आमचं मॉडेल दीडेक मीटर पंखांचं. बाल्सा आणि प्लायवूडचा सांगाडा, त्यावर इस्त्रीने चिकटवलेली फिल्म. नाकात ०.४६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेसात सीसीचं ग्लो इंजिन. मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि जवळजवळ पाचवा हिस्सा तेल, असा त्याचा खुराक. मिथेनॉल जळून जातं, तेल मात्र बरंचसं तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि मिळेल त्या फटीत शिरतं. इंजिन ज्या प्लायच्या भिंतीवर बसतं ती फायरवॉल आणि तिचे सांधे वर्षानुवर्षं हे तेल पीत असतात. तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. वरून घट्ट दिसतं, आणि पूर्ण पॉवरवर विमान सरळ वर नेलं की मोटर फायरवॉलसकट निघून येते.

म्हणून पहिलं काम सफाई. जुना इपॉक्सीचा थर पात्याने खरवडायचा, ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या चिंधीने पुसायचं, मग कॉर्नफ्लॉवर ॲसिटोनमध्येच कालवून त्याचा लेप द्यायचा. सुकताना तो तेल वर ओढून घेतो. पिवळी पडलेली पूड झटकायची, पुन्हा लेप. हेअर ड्रायरची कोमट हवा द्यायची ती ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच, आणि सगळं काम उघड्या गॅलरीत. आसपास ठिणगीसुद्धा नको. ॲसिटोन फिल्मवर सांडलं तर रंग सुटतो, म्हणून कडेने टेप. पूड पांढरीच राहिली की काका नखाने लाकूड दाबून बघतात. नख रुतलं तर ती फायरवॉल बाद. कापून नवी घालायची. या विमानाची बचावली.

आता तराजू. सायलेन्सरसह इंजिन, टाकी आणि थ्रॉटलचा सर्वो मिळून पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजन बाहेर पडलं. आत काय येणार? २९० ग्रॅमची मोटर, ७५ ग्रॅमचा स्पीड कंट्रोलर, माउंटचे पन्नासेक ग्रॅम आणि पाच सेलची, ५००० एमएएचची लिपो बॅटरी, ती एकटी सव्वासहाशे. म्हणजे रिकामं विमान साडेचारशे ग्रॅमने जड. टाकीतलं अडीचशे ग्रॅम इंधन धरलं तरी दोनशेची तूट राहतेच. पेट्रोलपंपावरच्या इंधनाशी बॅटरीची बरोबरी होत नाही हे आपण मोटारींच्या बाबतीत ऐकतो. इथे ते हातात घेऊन कळतं. त्यातून इंधन उडता उडता संपतं, बॅटरी उतरतानाही तेवढीच जड असते. तिच्या बाजूने एकच गोष्ट: टाकी रिकामी होत गेली की विमानाचा तोल मागे सरकतो, बॅटरीचा तोल पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत एकच. नेमक्या कसरती करणाऱ्याला याचं मोल कळतं.

जागतिक स्पर्धांच्या एफ-३-ए या कसरतींच्या प्रकारातही हे वजनाचं दुखणं आहे. तिथला वर्षानुवर्षांचा नियम असा, की विमान दोन मीटरच्या आत आणि पाच किलोच्या आत. वजन करताना इंधनाच्या विमानाची टाकी रिकामी चालते, विजेच्या विमानाची बॅटरी मात्र धरली जाते. उघड उघड एका बाजूला झुकलेला नियम. तरीही विजेच्या विमानांनी तो प्रकार काबीज केला, यातच काय ते आलं. ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी १९५७ साली 'रेडिओ क्वीन' हे मॉडेल सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवलं होतं. अडलं होतं ते बॅटरीच्या वजनापाशी. लिथियम पॉलिमर आणि ब्रशलेस मोटर आल्यावर ते सुटलं.

मोटर इंजिनापेक्षा आखूड असते, त्यामुळे प्रॉप काउलच्या, म्हणजे नाकावरच्या आवरणाच्या, बाहेर येण्यासाठी तिला फायरवॉलपासून पुढे आणावं लागतं. बाजारात त्यासाठी तयार संच मिळतात. काकांना ते मान्य नाही. त्यांनी दहा मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम सळईतून लेथवर चार खांब उतरवले, आणि चारही सारखे नाहीत. प्रॉपच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढतं, म्हणून मोटरचं तोंड दोन अंश उजवीकडे ठेवायचं असतं. आधी हा कल इंजिनाच्या माउंटमध्येच होता, फायरवॉल सरळ. माउंटच्या भोकांमधलं अंतर पन्नास मिलिमीटर. दोन अंशांसाठी डावे दोन खांब पावणेदोन मिलिमीटरने लांब. तेवढ्यावर भागत नाही. तोंड वळवलं की टोकाला स्पिनर, म्हणजे प्रॉपच्या मधली टोपी, तीन मिलिमीटर उजवीकडे सरकतो आणि काउलच्या भोकात तिरपा दिसतो. म्हणून अख्खं माउंट तेवढंच डावीकडे घेऊन भोकं पाडली. स्पिनर बरोबर मधोमध आला तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त व्हर्निअर डब्यात ठेवला.

मोटर ६७० केव्हीची, म्हणजे बिनभाराची, दर व्होल्टला मिनिटाला ६७० फेरे. या आकाराच्या कसरतींच्या विमानाला किलोमागे सव्वातीनशे वॉट हवेत असा आमचा ठोकताळा. विमान पावणेतीन किलोचं, म्हणजे नऊशे वॉटच्या घरात. शेपूट टेबलाला बांधून, वॉटमीटर जोडून, प्रॉपच्या मागे उभं राहून माप घेतलं. १२ बाय ६ च्या प्रॉपवर ३८ अँपिअर: पॉवर कमी. १३ बाय ८ लावला, आकडा थेट पन्नासवर, साडेसतरा-अठरा व्होल्टला. व्यास एक इंच आणि पिच दोन इंच वाढला, तर करंट तिसऱ्या हिश्शाने वाढला. याच ठिकाणी लोक मोटरी जाळतात. 'अजून एक इंच' हा मोह माळावर भागवू नये, टेबलावर मीटर लावून भागवावा.

हवेची वाट हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. काउलचं तोंड मोठं असलं म्हणजे गारवा मिळतो असं नाही. हवा बाहेर पडायलाही जागा हवी, आत येण्याच्या दुप्पट. आम्ही तोंड अर्धं झाकून हवा मोटरच्या अंगावरून वळवली आणि पोटाखालची फिल्म दोन फॉर्मरच्या मध्ये कापून वाट करून दिली. कॅनोपीचे स्क्रू काढून ती चुंबकांवर बसवली, की बॅटरी वरून आत जाते, दरवेळी पंख सोडावे लागत नाहीत. सव्वासहाशे ग्रॅमचा ऐवज वेल्क्रोच्या पट्ट्यांनी घट्ट बांधायचा. स्नॅप रोलमध्ये तो सुटला तर पुढचं सांगायला नको.

उडताना फरक लगेच कळतो. इंजिनाची किणकिण नाही, प्रॉपचा आवाज तेवढा. उभ्या चढाईत ऐन वेळी इंजिन गळपटण्याची धास्ती नाही, इंधनाची सुई फिरवत बसणं नाही, घरी आल्यावर पंख पुसणं नाही. उलट बाजूही आहे. सहा मिनिटांत टायमर वाजतो आणि बॅटरीत वीस-पंचवीस टक्के शिल्लक ठेवून उतरावंच लागतं. इंधनवाला मिनिटाभरात टाकी भरून पुन्हा हवेत. आपण तासभर चार्जरकडे बघत बसतो, नाहीतर खिसा हलका करून जादा बॅटऱ्या आणतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत लिपो ठेवता येत नाही, महिनाभर उडवायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावे लागतात.

माझं मत विचाराल तर, फायरवॉल कोरडी आणि सांगाडा धड असेल तर खुशाल बदला. नख रुतणारं जुनं विमान असेल तर मात्र पैसे त्यात घालू नका, मुळात विजेसाठीच बांधलेलं नवं घ्या. ते हलकं असतं, कारण इंजिनाची थरथर सोसायला लागणारं लाकूड त्यात नसतं. आणि बदललंच, तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. इंजिन कोणीतरी सुरू केल्याशिवाय फिरत नाही, मोटर मात्र बॅटरी जोडलेली असेल तर ट्रान्समीटरच्या काडीला चुकून हात लागला तरी फिरते. टेबलावर काहीही जुळवायचं असेल, तर आधी प्रॉप काढा.