परमुलखातील कारखाना आणि विजेची हमी

परमुलखात कारखाना काढावयाचा म्हटला म्हणजे उद्योजकाच्या मनात जागेचा भाव, मजुरीचे दर, जकातीची आकारणी आणि बंदराचे अंतर हेच प्रश्न प्रथम उभे राहतात. विजेची चौकशी मात्र, ती सरकार देईलच अशा समजुतीने, बहुधा शेवटी होते. ज्या धंद्यात वीज हाच जणू कच्चा माल आहे, त्या धंद्यात हा क्रम किती घातक ठरू शकतो, हे मोझांबिकमधील ‘मोझाल’ या अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या हकिकतीवरून चांगले उमगते.

मापुतो शहराजवळ, म्हणजे आमच्या गोव्यातील जुनी मंडळी ज्याला लोरेन्सो मार्किश म्हणत त्या राजधानीच्या परिसरात, हा कारखाना 2000 साली सुरू झाला. सोळा वर्षांचे यादवी युद्ध 1992 मध्ये संपून देश नुकता कोठे सावरू लागला होता, आणि अशा वेळी पुढे बीएचपीत विलीन झालेली बिलिटन कंपनी, जपानची मित्सुबिशी, दक्षिण आफ्रिकेचे औद्योगिक विकास महामंडळ आणि स्वतः मोझांबिक सरकार यांनी त्यात भांडवल गुंतविले. अॅल्युमिनापासून एक टन अॅल्युमिनियम काढण्यास सुमारे चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. त्यामुळे पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या या एका कारखान्याची मागणी साधारण 950 मेगावॅटपर्यंत पोहोचली आणि उरलेल्या साऱ्या देशाची मागणी कित्येक वर्षे तिच्याहून कमीच राहिली. शिवाय ही वीज अखंड हवी. पुरवठा काही तास बंद पडला, तर भट्टीतील वितळलेला रस थिजतो, आणि मग ती भट्टी पुन्हा पेटविणे हे महिनोन्‌महिन्यांचे, अतोनात खर्चाचे काम होऊन बसते.

आता गंमत अशी, की मोझांबिकपाशी विजेचा तुटवडा नव्हता. झांबेझी नदीवर पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस बांधलेल्या काहोरा बासा धरणाची वीजनिर्मितीची क्षमता 2,075 मेगावॅट आहे. परंतु ते धरण दूर वायव्येस तेते प्रांतात, आणि त्याची मुख्य पारेषण वाहिनी तेथून सुमारे 1,400 किलोमीटर धावत थेट जोहान्सबर्गकडे गेलेली. राजधानीकडे येणारी मोठी वाहिनी देशाच्या हद्दीत मुळी बांधलीच गेली नव्हती. त्यातही युद्धकाळात जोहान्सबर्गकडे जाणाऱ्या वाहिनीचे शेकडो मनोरे पाडले गेले आणि ती वर्षानुवर्षे निकामी पडून राहिली. तेव्हा स्वदेशात नदी अडविलेली असूनही मोझालला वीज घ्यावी लागली ती दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम या सरकारी कंपनीकडून. त्यासाठी एस्कॉम, मोझांबिकचे वीजमंडळ आणि स्वाझीलँडचे वीजमंडळ यांनी मिळून मोट्राको नावाची संस्था उभारली आणि सरहद्दीपलीकडून 400 किलोव्होल्टच्या दोन वाहिन्या आणल्या.

अशा प्रसंगी जे सल्लागार, विधिज्ञ आणि अभियंते कंपनीच्या वतीने काम करतात, त्यांचे खरे कौशल्य मला तारांपेक्षा करारनाम्याच्या मसुद्यात दिसते. पुरवठा किती, किती मुदतीचा, तुटवडा पडल्यास कपात प्रथम कोणाची, दर कोणत्या चलनात आणि कशाशी निगडित, वाहिनी नादुरुस्त झाली तर नुकसान कोणी सोसावयाचे, या प्रत्येक कलमामागे पुढील वीस-पंचवीस वर्षांचे भवितव्य दडलेले असते. एस्कॉमने या भागातील अॅल्युमिनियमच्या कारखान्यांशी केलेल्या करारांत विजेचा दर अॅल्युमिनियमच्या जागतिक भावाशी जोडला होता. कारखान्याच्या दृष्टीने ही तजवीज उत्तम, कारण माल स्वस्त झाला की वीजही स्वस्त. पण जानेवारी 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेवर भारनियमनाचे संकट कोसळले, सोन्याच्या खाणी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, मोठ्या ग्राहकांना वापर दहा टक्के घटविण्यास सांगण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात धातूचे भाव गडगडले. घरात अंधार सोसणाऱ्या नागरिकाने परक्या कंपनीच्या सवलतीवर बोट ठेवावे, यात नवल ते काय? माझ्या मते, ज्या कराराचा भार यजमान देशाच्या सामान्य माणसाला अन्याय्य वाटतो, तो कागदावर कितीही भक्कम असला तरी त्याचा पाया कच्चाच असतो; आणि चांगल्या सल्लागाराने ही गोष्ट आपल्या अशिलाला आरंभीच, स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

लहान उद्योगांना अर्थातच असे करारनामे साधत नाहीत. नायजेरियासारख्या देशात ते डिझेलच्या जनित्रांवर निभावतात आणि आता सौर पट्ट्या व विद्युत्‌घट यांची जोड देतात. महागडा, पण हुकमी मार्ग.

मोझालच्या कराराची मुदत मार्च 2026 पर्यंतची होती. कारखाना तोवर साउथ32 या कंपनीकडे गेला होता; तिच्या, एस्कॉमच्या, काहोरा बासाच्या जलविद्युत कंपनीच्या आणि सरकारच्या पुढील वीजपुरवठ्याबाबत वाटाघाटी चालू असतानाच झांबेझीच्या खोऱ्यात अवर्षण पडून धरणाची पातळी खालावली. परवडणाऱ्या दराने पुढील वीज मिळेल अशी खात्री न राहिल्याने कंपनीने ऑगस्ट 2025 मध्ये या कारखान्याचे हिशेबी मूल्य घटविले आणि भट्ट्यांना नवे अस्तर देण्याचे काम थांबविले.

आफ्रिकेत वा अन्यत्र उद्योग काढू पाहणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी जागेचा सौदा करण्यापूर्वी वीजकराराची मुदत आणि कपातीचे कलम ही दोन्ही आपल्या डोळ्यांनी वाचावीत, एवढीच विनंती.